अंबाझरीच्या वळणानं

लॉ कॉलेजच्या चौकात यमुताईंनी उजवा हात लांब केला आणि सायकल रामनगरकडे वळवली. मागे दोन घंट्या वाजल्या. मागच्या दोघांनीही हात काढले आणि आपापल्या सायकली मुकाट्यानं वळवल्या. सरळ गेली असती तर शंकरनगर, बजाजनगर करत तिघंही निम्म्या वेळात घरी पोचली असती.

"ताई, हे काही घरी जाणं नाही. आपण रोज नागपूरला प्रदक्षिणा घालून राहिलो," मागून मधुसूदन ओरडला.

"घाल. तेवढंच पुण्य लागेल," यमुताई मान न वळवता म्हणाल्या.

"पुण्य ताईंना, पायात गोळे आपल्याला," असं म्हणून उत्तरा हसली आणि तिनं पायडल जोरात मारलं.

थंडी नुकती कुठं अंगाला झोंबू लागली होती. रामनगरच्या उतारावर वारा थेट कानात शिरत होता. यमुताईंनी मफलर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली होती. या गाठीपायी त्या एखाद्या कडक मुख्याध्यापिकेसारख्या दिसत, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्यासमोर मात्र कुणी बोलत नसे. आताशा मधुसूदन बोलायचा. पंधरा दिवसांत पोरगा चांगलाच धीट झाला होता.

हे सगळं सुरू झालं ते चंपतरावांच्या एका वाक्यानं. सिव्हिल लाइन्समधल्या त्या सरकारी कचेरीत आस्थापना शाखेचा चहा चार टेबलं जोडून व्हायचा. मधुसूदनला वर्षानुवर्षं नंबर लावून नवी स्कूटर मिळाली होती आणि तिचं कौतुक संपता संपत नव्हतं. पान खायला कोपऱ्यावर जायचं तरी तो किक मारायचा. चंपतराव हुडकेश्वरचे, घरची शेती असलेले, कचेरीत मुरलेले गृहस्थ. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि मिशी पुसत म्हटलं,

"मधुसूदन, तुह्या पायाले गंज चढून राहिला गा. उद्या पाय काढून गॅरेजात द्याले लागतीन."

सगळे हसले. मधुसूदनला ते लागलं. मग शब्दानं शब्द वाढला आणि पैज ठरली. चंपाषष्ठीपासून संक्रांतीपर्यंत शाखेतल्या माणसांनी घर ते कचेरी फक्त सायकलनं यायचं. स्कूटर नाही, बस नाही, रिक्षा नाही. जो मोडेल त्यानं सगळ्यांना हुरडा खाऊ घालायचा.

"वावर माह्यं, खर्च हारणाऱ्याचा," चंपतराव म्हणाले. ते स्वतः बसनं यायचे, म्हणजे सगळ्यांत लांबचा पल्ला त्यांच्याच वाट्याला आला होता. तोंडातून शब्द गेला होता, आता माघार कशी घेणार?

यमुताईंना कुणी विचारलंच नाही. विचारायचं कशाला? बाई गेली वीस-बावीस वर्षं सायकलनंच येत होत्या. पण पैजेत कोण कोण, असं चंपतराव बोटांवर मोजू लागले तेव्हा यमुताईंनी फायलीतून डोकं वर काढलं आणि म्हणाल्या,

"मलाही धरा."

"तुमाले कायची पैज, बाई? तुमी तं रोजच्याच."

"असू दे. धरा."

का म्हणाल्या ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत शाखेनं बरंच काही ठरवलं होतं, सहली काय, सत्यनारायण काय, आणि प्रत्येक वेळी यमुताई वर्गणी देऊन बाजूला झाल्या होत्या. या खेपेला निदान आपल्याला येतं ते तरी काहीतरी होतं.

पैजेनं लोकांच्या सवयी बदलल्या हे खरं. उत्तरानं माळ्यावरची लेडीज सायकल खाली काढली. लग्नानंतर तिच्यावर ती बसलीच नव्हती. पहिले दोन दिवस पोटऱ्या धरून कण्हत आली, तिसऱ्या दिवशी घंटी वाजवत. मधुसूदनची स्कूटर चादरीखाली गेली आणि त्याच्या आईनं सीटवर मुंगवड्यांचं ताट वाळत घातलं. शेजारच्या शाखेतले लोक आधी हसले आणि मग तेही सायकली काढू लागले. स्टँडवर जागा मिळेनाशी झाली. चंपतरावांच्या पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला आणि तो ते येईल-जाईल त्याला दाखवू लागले.

मधुसूदन खामल्याला राहायचा, उत्तरा लक्ष्मीनगरात, यमुताई प्रतापनगरात. तिघांची दिशा एक. पहिल्याच संध्याकाळी यमुताई पुढे निघाल्या आणि हे दोघे त्यांच्या मागं लागले. लॉ कॉलेजच्या चौकात त्या उजवीकडे वळल्या म्हणून हेही वळले. रोज सायकल चालवणारी बाई, तिला रस्ता ठाऊक असणार, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी मधुसूदननं विचारलं तेव्हा यमुताई म्हणाल्या, "तलावाकडची हवा चांगली." हवा खरंच चांगली होती. तलावाच्या कोपऱ्यावर एक म्हातारी उकडलेले शिंगाडे घेऊन बसायची. तिघं तिथं थांबत. सायकलीला टेकून शिंगाडे सोलत, कचेरीतल्या साहेबाची नक्कल करत, आणि अंधार पडायच्या बेताला पुढं निघत. यमुताईंना ती दहा-पंधरा मिनिटं इतकी आवडू लागली की दुपारी चारपासूनच त्यांचं लक्ष घड्याळाकडे जाई. याची त्यांना लाजही वाटे.

हवेची गोष्ट मात्र खोटी होती.

बजाजनगरच्या सरळ रस्त्यावर यमुताईंच्या भावाचं घर होतं. अगदी रस्त्याला लागून, फाटक उघडलं की पायरी. तिथं दादा, वहिनी आणि आई राहायची. यमुताईंना सायकल शिकवली ती दादानंच. नवरा गेला, पदरी मूल नाही, नोकरी लागली ती सिव्हिल लाइन्सला आणि बसचा भरवसा नाही. तेव्हा दादानं धाकट्या बहिणीला कस्तुरचंद पार्कवर नेलं आणि सीट धरून तिच्या मागं धावला. विधवा बाई सायकल शिकते म्हणून लोक बघत उभे राहिले. दादा त्यांच्याकडे न बघता धावत राहिला. पुढं कित्येक वर्षं कचेरीतून येताना यमुताईंची सायकल त्या फाटकाशी थांबायची. आईच्या हातचा चहा व्हायचा आणि मग त्या घरी जायच्या.

आई गेली ती अशाच एका थंडीत, पौषात, रात्री. यमुताईंना निरोप आला तो सकाळी. त्या धावत पोचल्या तेव्हा आई अंगणात होती आणि बांबू बांधून तयार होते.

"रात्री का नाही कळवलं?" त्यांनी विचारलं.

"रात्री कळवलं असतं तर तू तशीच निघाली असतीस," दादा म्हणाला. "एकटी, अंधारात, सायकलवर. आई तर गेलीच होती, यमू."

दादाला वाटलं, आपण बहिणीची काळजी घेतली. बहिणीला वाटलं, आपल्या हातून आईचा शेवटचा हात काढून घेतला. ऊब असताना धरायचा हात तिनं थंडगार धरला. तेराव्याला सगळी भावकी जेवून बसली असताना यमुताई चपला घालता घालता म्हणाल्या,

"आजपासून या दारावरून माझी सायकल जायची नाही."

रागाच्या भरात माणूस दहा गोष्टी बोलतं आणि चहा झाला की विसरतं. यमुताईंचं तसं नव्हतं. बोललेलं त्या अक्षरशः पाळत. कुणी समजूत काढायला आलं की त्या म्हणत, "त्याचं नाव माझ्यापुढं काढायचं नाही." वर्षभरात माणसं यायची थांबली आणि दोन वर्षांत नावही थांबलं. राहिला तो अंबाझरीचा फेरा. लांबचा, तलावाकडचा, दिवे नसलेला. वाटेत इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागची झाडी होती, तिथं कोल्हे ओरडायचे. पहिल्या वर्षी भीती वाटायची. मग भीतीचीही सवय झाली. सवय झाली म्हणून एकटेपणा गेला असं मात्र नाही. तो आपला डायनामोच्या घुर्र आवाजासारखा घरापर्यंत सोबत यायचा.

आणि आता या दोघांच्या घंट्या.

पौष लागला तशी थंडी वाढली. एका संध्याकाळी चौकाच्या अलीकडेच उत्तरानं सायकल यमुताईंच्या बरोबरीला आणली.

"ताई, एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"सासूबाई कुरकुर करून राहिल्या. म्हणतात, शेजारची सुभद्रा त्याच वेळेला सुटते, ती दिवेलागणीच्या आत घरी, आणि तू कुठं हिंडतेस? आपण बजाजनगरातून गेलो तर नाही का चालणार? थंडीपुरतं."

यमुताईंनी ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही, नुसती अडखळली.

"तुम्ही जा तिकडून," त्या म्हणाल्या.

"तुम्ही काहून नाही?"

"मला तो रस्ता नाही जमत."

"अवो, डांबरी आहे चांगला. याच्यापेक्षा बरा."

"नाही जमत म्हटलं ना."

आवाज जरा वर गेला. उत्तराचं तोंड उतरलं. ती मागं झाली. त्या दिवशी तिघंही तलावावरून गेली खरी, पण शिंगाड्याला कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी चौकात उत्तरा सरळ गेली. मधुसूदननं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं, आणि तो यमुताईंबरोबर वळला. तीन-चार दिवस त्यानं तसंच निभावलं. मग एक दिवस, "ताई, आईला दवाखान्यात न्यायचं आहे," म्हणून सरळ गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना नव्हता, तरी तो सरळच गेला. यात त्याचं काय चुकलं? घर जवळ करणाऱ्या रस्त्यावरून माणूस आज ना उद्या जातोच.

यमुताईंनी हात लांब केला, वळल्या, आणि त्यांच्या कानांनी मागं दोन घंट्या ऐकल्या. घंट्या लांब लांब गेल्या, शंकरनगरकडे.

इतकी वर्षं त्या या रस्त्यानं एकट्या गेल्या होत्या. आता तोच एकटेपणा वेगळा लागला. रिकाम्या घरात राहता येतं, पण पाहुणे येऊन गेले की ते घर अंगावर येतं, तसं झालं. शिंगाडेवाली म्हातारी म्हणाली, "आज एकल्याच, बाई?" यमुताई "हो" म्हणून पुढं गेल्या. पुढच्या खेपेला तर त्या तिच्या समोरून मान खाली घालून निघाल्या. झाडीत कोल्हा ओरडला तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. पहिल्या वर्षी यायचा तसाच.

रात्री अंथरुणावर त्यांनी हिशेब मांडला. एका बाजूला शब्द, एका बाजूला दोन पोरं. शब्द मोडायचा तर दाराशी दादा दिसणार. थंडीत तो संध्याकाळी पायरीवर बसायचा, शाल पांघरून, पेपर घेऊन. दिसला तर काय? आपण मान फिरवायची? त्यानं फिरवली तर? हा दुसरा विचार पहिल्यापेक्षा जास्त टोचला. आपण सोडलेला माणूस आपल्याला सोडून मोकळा झाला असेल, हे त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं. त्यांनी कूस बदलली आणि रजई कानावर ओढली.

संक्रांतीला शाखेत तिळगुळाचे डबे उघडले. यमुताईंनी तिळाच्या वड्या केल्या होत्या, वरून खोबरं भुरभुरलेल्या. चंपतरावांनी उभं राहून निकाल सांगितला.

"कोनीच हारलं नाई. म्हंजे पंचाईत झाली, हुरडा कोन देईल? तं मीच देतो. पुढच्या रविवारी सगळे हुडकेश्वरले या. सायकलनंच या बरं. फटफटीवाल्याले वावरात घुसू देनार नाई."

"आणि उद्यापासून?" कुणीतरी विचारलं.

"मी तं बुवा सायकलच. डाक्टरनं सांगतलं असतं तं ऐकलं नसतं, पन पट्टा सांगते नं."

मधुसूदनला सगळ्यांनी विचारलं, स्कूटर कधी काढणार? तो म्हणाला, आईच्या मुंगवड्या वाळल्या की बघू, आणि वर पुस्ती जोडली की या वर्षी ती खूपच मुंगवड्या घालून राहिली आहे.

उत्तरा यमुताईंच्या टेबलाशी आली. त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलत होती. तिनं तिळगूळ हातावर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि तिथंच उभी राहिली.

"ताई, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही गं."

"मग आज तरी सोबत चला. आज शेवटचा दिवस आहे. मी येते तुमच्या रस्त्यानं. घरी काय ते ऐकून घेईन."

यमुताईंनी तिच्याकडे पाहिलं. संक्रांतीची नवी काळी चंद्रकळा नेसून आलेली, हळदीकुंकवाची घाई असलेली ही पोरगी आपल्यासाठी अंधारातून फेरा मारायला तयार होती. डब्यात काही वड्या उरल्या होत्या. त्यांनी झाकण लावलं आणि डबा पिशवीत टाकला.

संध्याकाळी तिघं निघाली. लॉ कॉलेजच्या चौकात उत्तरानं आपला उजवा हात आधीच लांब केला होता. यमुताईंचे दोन्ही हात हँडलवर होते. ते तिथंच राहिले. सायकल चौक ओलांडून सरळ गेली. मागं घाईनं ब्रेक लागल्याचा आवाज झाला, मधुसूदन काहीतरी म्हणाला, उत्तरा त्याला "शू" म्हणाली. मग दोघं मागं आली.

शंकरनगर गेलं. बजाजनगरची झाडं दिसू लागली. थांबायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. नुसतं जायचं. पायरीवर असला तर बघायचं, तो बघतो का. बघितलं त्यानं तर... पुढचं काही ठरत नव्हतं.

घर आलं. पायरी रिकामी होती. फाटकाला हिरवा रंग दिला होता, पाटीवर कुण्या दुसऱ्याच माणसाचं नाव होतं, आणि दोरीवर लहान मुलाची झबली वाळत होती. दादाच्या घरात लहान मूल नव्हतं. त्याचा मुलगा केव्हाचा नोकरीला भिलाईला गेला होता.

यमुताईंचा एक पाय जमिनीवर टेकला.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या.

"ताई, कोणाचं घर आहे?"

"व्हा पुढं, उत्तरा. तुझ्या हळदीकुंकवाला उशीर होईल."

दोघं गेली. अंगणाच्या कडेला एक म्हातारी बाई सुपात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. या घराची मालकीण, कांताबाई. मागच्या दोन खोल्यांत राहायची. आईची आणि तिची दुपारची बैठक असायची. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"यमूबाई नं वं तुमी?"

"हो."

"या नं मंग. अशा फाटकाशी काय उभ्या?"

"इथं आता दुसरे राहतात?"

"आता? अवो, विश्वनाथभाऊले इथून जाऊन तीन हिवाळे झाले."

ते नाव ऐकून यमुताईंनी हँडल घट्ट धरलं. कुणीतरी दुसऱ्या खोलीतून हाक मारावी तसं ते ऐकू आलं.

"कुठं गेला?"

"मनीषनगरले. तिकडं रेल्वेफाटकाच्या पल्याड. घरं दूर दूर, ना बस, ना रस्त्यावर दिवे. म्या म्हनलं, विश्वनाथभाऊ, काहून चालले गा? म्या का किराया वाढवला का तुमाले बोलली? तं म्हने, नाई कांताबाई, तुमचं काईच नाई." म्हातारीनं पदरानं हात पुसले. "एक दिवस ते तलावाकडे फिराले गेले होते. वापस आले तं जेवलेच नाई. वहिनीले म्हने, यमू एकटी अंधारातून सायकल हाकत चालली होती. आपल्या दारावरून जायाचं नाई म्हून फिरून जाते. आपन इथून हाललो का तिचा रस्ता मोकळा होईल."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. यमुताईंनी सायकल बाजूला घ्यायला हवी होती. गाडीवानच वळसा घालून गेला.

"मले नाई पटलं," कांताबाई म्हणाली. "म्या म्हनलं, बहिणीले सांगा तरी जाऊन. तं म्हने, मी गेलो तं ती दार लावून घेईन. पन अशी गोष्ट का लपते? कोनी ना कोनी सांगनच तिले. मंग जाईल सरळ." ती जरा थांबली. "सांगतलं नं कोनी?"

कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? ते नाव पुढं काढायचं नाही, हे त्यांनी एकेकाला बजावून ठेवलं होतं आणि माणसांनी ते इमानानं पाळलं होतं. तीन हिवाळे त्या तलावावरून फिरल्या होत्या, कोल्हे ऐकत, आणि ज्या दाराला चुकवत होत्या त्या दारात दादा नव्हताच. तोही तिकडं अंधारात जाऊन राहिला होता, आपली बहीण उजेडातून जात असेल या समजुतीत.

"बाई? सांगतलं नं?"

"हो," यमुताई म्हणाल्या. "सांगितलं. मी जाते ना रोज इकडून."

"दिसल्या नाई कधी."

"तुम्ही आत असाल."

"असन बापा. मले आता दिसतेही कमीच." म्हातारी समाधानानं हसली. "बरं झालं. त्याइनं एवढं केलं, ते वाया नाई गेलं. इकडं कधी आले तं सांगीन त्याइले."

यमुताईंनी डबा काढला, तिच्या हातावर वडी ठेवली आणि वाकल्या. म्हातारीनं डोक्यावर हात ठेवला आणि कुंकू आणायला उठता उठता तिला आठवलं असावं, कारण ती तशीच खाली बसली.

तिथून प्रतापनगर अगदी जवळ. इतक्या वर्षांनी यमुताई दिवसाचा थोडा उजेड शिल्लक असताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पोचल्या. शेजारणी दारात रांगोळी काढत होत्या. एकीनं "आज लवकर?" म्हणून विचारलं. यमुताईंनी मान डोलावली. समोर त्यांचं घर होतं, कुलूप होतं, आणि आत एक आख्खी संध्याकाळ होती जिचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दादावरचा राग मनात शोधला. आईचा थंड हात आठवला, तेरावं आठवलं, "एकटी, अंधारात, सायकलवर" हे त्याचे शब्द आठवले. दुःख जागच्या जागी होतं. राग सापडेना.

त्यांनी सायकल वळवली.

खामला ओलांडेपर्यंत अंधार पडला. वर्धा रोडवर वाडीकडून माल भरून आलेले ट्रक धडधडत होते, त्यांचे दिवे डोळ्यांवर येत. यमुताई उतरल्या, दोन्हीकडे पाहून पायी रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कच्च्या वाटेला लागल्या. डायनामो चाकाला लावला. खड्ड्यात चाक हळू झालं की उजेड जाई, पायडल मारलं की परत येई. दादा रोज याच वाटेनं येत असेल. त्याचेही आता गुडघे दुखत असतील. तो आपल्याला घरात घेईल का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. डबा हातात घेऊन दाराशी उभं राहायचं, एवढंच त्यांना सुचलं होतं.

रेल्वेफाटक बंद होतं. मालगाडी येत होती. फाटकाशी दोन-तीन सायकलवाले आणि रिकामे कॅन अडकवलेला एक दूधवाला उभा होता. दूधवाल्यानं या मफलर बांधलेल्या एकट्या बाईकडे दोनदा पाहिलं.

"बाई, पल्याड दिवे नाईत," तो म्हणाला. "तुमी रस्ता तं नाई चुकल्या?"

"नाही. मनीषनगरलाच जायचं आहे."

"कोनाकडं?"

"भावाकडे."

"मंग चाला माह्यासंगं. तिकडची सारी घरं मले ठाऊक हायेत, दूध टाकतो मी. नाव काय भावाचं?"

इंजिन समोरून गेलं आणि जमीन हादरू लागली. यमुताई काहीतरी बोलल्या. दूधवाल्यानं कानाला हात लावून मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून. डबे जात होते, एकामागून एक, संपत नव्हते. यमुताईंनी हनुवटीखालची गाठ सोडली, मफलर खाली ओढला आणि पुन्हा सांगितलं. तरी त्याला ऐकू येईना. मग त्या दूधवाल्याच्या जवळ गेल्या आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून, भोवतीचे सगळे वळून पाहतील इतक्या मोठ्यानं, ओरडून म्हणाल्या,

"विश्वनाथ! विश्वनाथ नाव आहे त्याचं!"